आघाड्याच्या काड्या

१

विहिरीवरून भरून आणलेली कळशी वाटेत कुठे टेकवायची नाही, असा राधाबाईंच्या घरात दंडक होता. टेकली तर ते पाणी माडाच्या मुळात ओतायचं आणि परत विहिरीवर जायचं. सुगंधा लग्न होऊन आली तेव्हा दोर ओढून ओढून पहिल्याच महिन्यात तिच्या तळहातांची सालं निघाली. माहेर पिंगुळीकडचं, शेतात राबणाऱ्या माणसांचं. तिथे सोवळंओवळं सणावारालाच आठवायचं. इथे ते चुलीसारखं रोज पेटायचं.

आचऱ्याच्या खाडीकाठची ती वाडी. काथ्या निघावा म्हणून लोक नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कुजत घालायचे आणि ओहोटीला तो कुजका वास घराघरात शिरायचा. राधाबाईंच्या अंगणात मात्र सारवणाचा ताजा वास. त्यांच्या हातचं पाणी डोळे मिटून प्यावं, असं वाडीत म्हणत.

नवरा कधीचाच वारलेला. एकुलता मुलगा शिवा मुंबईला गोदीत कामाला होता. वर्षातून एकदा, चतुर्थीला, तो कसालला गाडी बदलून भिजत घरी यायचा. सुगंधा त्याची दुसरी बायको. पहिली आनंदी, ती या लग्नाच्या आदल्या वर्षी चतुर्थीच्याच दिवसांत तापाने गेली, एवढंच लग्न ठरताना सांगितलं गेलं होतं. घरात आनंदीचा फोटो नव्हता, लुगडं नव्हतं, आणि तिचं नाव तर कुणाच्या तोंडी यायचंच नाही.

त्यांचा गणपती दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बायकांकडून कळत नकळत झालेला विटाळ धुऊन निघावा म्हणून धरायचा तो उपास. सकाळी आघाड्याच्या काड्यांची जुडी घेऊन बसायचं, एकेका काडीने दात घासून चूळ भरायची, मग न्हायचं, पूजा करायची, आणि बैलाच्या श्रमाचं काही न खाता परसातलं, हाताने खणलेलं तेवढंच खायचं. आनंदी गेली त्याच्या पुढच्या वर्षी राधाबाईंनी हा उपास धरला. त्याआधी कधी धरला नव्हता.

अठ्ठावन्न सालच्या श्रावणात त्यांना खाकरायची सवय लागली. आधी जेवल्यावर, मग उठता बसता. घशात काही अडकल्यासारखं त्या खाकरायच्या, बोट घालून जिभेच्या मुळाशी चाचपायच्या, आणि बोट लुगड्याला पुसायच्या. ज्या बाईने कधी तोंडातलं बोट न धुता कशाला लावलं नव्हतं, ती बोट लुगड्याला पुसते, हे सुगंधाला विचित्र वाटलं. अळू खाजलं असेल, असं तिने मनाशी म्हटलं.

२

पंचमीच्या सकाळी बारीक पाऊस होता. राधाबाई न्हाणीच्या दगडावर बसल्या होत्या आणि सुगंधा त्यांच्या ओंजळीत पाणी घालत होती. काडी चावायची, दातांवरून फिरवायची, चूळ टाकायची, काडी मागे फेकायची. दरवर्षी त्या हे भरभर उरकायच्या. या वर्षी एकेक काडी त्या घशापर्यंत घालत होत्या. डोळ्यांत पाणी, गळ्याच्या शिरा ताठ, आणि प्रत्येक चुळीबरोबर पोटातून ओढून आल्यासारखा आवाज. चुळीचं पाणी आधी हिरवं होतं, मग गढूळ झालं, आणि दगडावर त्याचा बुळबुळीत थर साचू लागला.

जुडी संपली. सुगंधा खराट्याने काड्या गोळा करू लागली. चावून चावून त्यांची टोकं कुंचल्यासारखी झाली होती. एका टोकाला काळी तार गुंडाळलेली दिसली. तिने चिमटीत धरून ओढली. सुटत गेली, सुटत गेली, आणि तिचा हात खांद्यापर्यंत वर गेला तरी संपली नाही.

सोडणाचा काथ्या असेल, असं तिला वाटलं. या वाडीत काथ्या कशाला नसतो? भातात निघतो, अंथरुणात निघतो. तिने दुसरी काडी पाहिली. तिसरी पाहिली. सगळ्यांना ते होतं. काहींना एखादं, काहींना झुपका, थुंकीने चिकटलेला. राधाबाईंचे केस तर केव्हाच पांढरे झाले होते. सुगंधाने पटकन सगळ्या काड्या उचलून न्हाणीच्या चुलीत घातल्या. काथ्या जळला की गवत जळल्यासारखा वास येतो. तो वास यावा म्हणून ती चुलीपाशी उभी राहिली.

वास आला तो जळक्या केसांचा. तिने तोंडावर पदर घट्ट दाबला.

मागून राधाबाई म्हणाल्या, "आणखी काडये हाड. अजून रवला आसा."

आणखी काड्या आणायला सुगंधा कोयती घेऊन कुंपणाकडे गेली. भिजलेला आघाडा कापता कापता तिच्या ओटीपोटात कळ आली आणि तिला समजलं की ती बाहेरची झाली. चार दिवस आधीच. एरवी तिला या गोष्टीचं ओझं वाटायचं. आज, आता त्या काड्या आपल्याला उचलाव्या लागणार नाहीत, असं मनात येऊन तिला हलकं वाटलं.

३

तिने लांबूनच सासूला ते सांगितलं. राधाबाई चिडल्या नाहीत, घरात देव असताना असं कसं झालं, तेही म्हणाल्या नाहीत. फक्त गोठ्यामागच्या पडवीकडे बोट केलं.

पडवी म्हणजे गोठ्याच्या भिंतीला टेकवलेलं एक छप्पर. तीन बाजूंना माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं, खाली ओल, कोपऱ्यात घोंगडं आणि पाण्याचा गडू. इतर महिन्यांत राधाबाई तिला माजघराच्या मागच्या कोपऱ्यात बसू द्यायच्या. घरात गणपती, त्यात पंचमी, म्हणून ही पडवी. झापांच्या फटीतून घराचं मागचं दार आणि विहीर दिसायची.

शिवा मागच्या दारापर्यंत आला. पाऊस आहे, तिला माजघरात तरी बसू दे, असं तो आईला म्हणाल्याचं सुगंधाने ऐकलं. राधाबाई खाकरल्या, एवढंच. तो थोडा वेळ उंबऱ्यावर उभा राहिला आणि आत गेला.

शेजारची काशीबाई कुंपणावरून भोपळ्याची पानं खुडायला आली होती. सुगंधाला पडवीत बसलेली पाहून तिचा हात थांबला. आधी ती हवापाण्याचं बोलली. मग सुगंधाने विचारलं, की आनंदी कशाने गेली. काशीबाईने मागच्या दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं. आनंदीला दिवस होते, चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिचा गर्भ पडला. तिला इथेच, या पडवीत ठेवलं. ताप भरला. राधाबाई पान आणि पाणी लांबून सरकवायच्या आणि आत जायच्या. त्या वर्षी शिवा शिमग्याला येऊन गेला होता, म्हणून चतुर्थीला त्याला रजा मिळाली नव्हती.

"पंचमीक दिवसभर हाका मारी होती," काशीबाई म्हणाली. "माका भितर घेवा, माका भितर घेवा, म्हणा होती. राधाबाय हलली नाय. घरात गणपती होतो."

दुसऱ्या दिवशी तिला उचललं, तेव्हा तिचे केस तिरडीवरून खाली चिखलात लोळत होते. इतके लांब केस वाडीत कुणाचे नव्हते. ते गोळा करून तिच्या पोटावर ठेवावे लागले. काशीबाई पानं घेऊन गेली आणि सुगंधा घोंगड्यावरून उठून उभी राहिली. मग कुठेच जाण्यासारखं नाही हे कळून पुन्हा बसली.

माणूस घाबरला की एकाला एक जोडतो, असं तिने स्वतःला समजावलं. म्हातारपणी काहींना माती खायची, कोळसा खायची खोड लागते. कदाचित यांनी तिचे केस कुठेतरी जपून ठेवले असतील आणि भ्रमात तोंडात घालत असतील. हे समजावणं तिला पुरेसं वाटलं. तरी तिने नकळत बोट घालून स्वतःच्या जिभेच्या मुळाशी चाचपलं.

४

दुपारी पूजा झाल्यावर राधाबाई तिच्यासाठी केळीचं पान घेऊन आल्या. पान लांबूनच सरकवलं आणि टोपातली भाजी पळीने उंचावरून त्यावर सोडली. ऋषीची भाजी. अळूची पानं, देठ, सुरण, भेंडी, लाल माठ, कणसाचे तुकडे, सगळं एकत्र शिजवून त्याचा लगदा झालेला. माठाचं लाल पाणी पानावरून ओघळत सुगंधाच्या पायापर्यंत आलं. भेंडीची तार पळीपासून पानापर्यंत लोंबत राहिली आणि तुटेना.

"जेव," राधाबाई म्हणाल्या.

त्यांचं तोंड चालू होतं. उपासाच्या बाईने पूजेनंतर घासभर खाल्लं असेल, त्यात काय, असं सुगंधाने मनात म्हटलं. पण मग राधाबाईंचं चावणं थांबलं, जबडा स्थिर झाला, आणि तरीही त्यांचा डावा गाल आतून हळूहळू फुगला, खाली गेला, पुन्हा फुगला. झोपेत कूस बदलणाऱ्या माणसावरचं पांघरूण हलतं, तसा. राधाबाईंनी गालावर तळहात दाबून धरला आणि त्या आत गेल्या.

सुगंधाला सकाळपासून भूक होती. तिने भाजीत बोट घातलं. कोमट, चिकट, आणि कशात तरी गुंतल्यासारखी. अळवाच्या शिरा असतात तशा असतील. तिने झटकन बोट बाहेर काढून लुगड्याला पुसलं. पान तिने पाण्याच्या गडूसकट झापांखालून बाहेर ढकललं. कावळा आला, पानाच्या कडेला बसला, मान वाकडी करून पाहत राहिला आणि चोच न लावता उडाला.

५

दुपार कलली तशी विसर्जनाची गडबड सुरू झाली. घरासमोर भजन उभं राहिलं, झांजा वाजल्या, शिवाने पाट डोक्यावर घेतला आणि वाडीतली सगळी माणसं खाडीच्या वाटेने निघाली. बायका मुलंही गेली. आवाज माडांतून लांब लांब होत गेला. सुगंधाने आजवर कधी विचार केला नव्हता, पण आता तो आला, की देव घरातून गेला म्हणजे आता घरात फक्त सासू आहे.

मागचं दार उघडलं. राधाबाई अंगणातून सरळ पडवीकडे आल्या. वळचणीपाशी थांबतील असं सुगंधाला वाटलं होतं. त्या थांबल्या नाहीत. वाकून आत आल्या आणि तिच्यापुढे, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. तीन वर्षांत बाहेर बसलेल्या सुगंधाची सावलीसुद्धा त्यांनी अंगावर पडू दिली नव्हती.

"आई, मी भायली आसंय," सुगंधा म्हणाली.

"म्हणानच इलंय." राधाबाईंचा आवाज जाड झाला होता, तोंडात घास असल्यासारखा. "तुझो हात आज बाटलेलोच आसा. तूच काढ."

आणि त्यांनी तोंड उघडलं.

आधी वास आला. ओहोटीच्या वेळी खाडीतून येतो तो, कुजक्या सोडणांचा. आणि त्याच्याखाली दुसरा एक, शिळ्या खोबरेलाचा आणि केसांत सुकलेल्या बकुळीचा. सुगंधाने मान फिरवली. राधाबाईंनी तिचं मनगट धरलं, धरून तोंडाजवळ नेलं. म्हाताऱ्या बाईचे डोळे भीतीने भरलेले होते आणि ते पाहून सुगंधाला नाही म्हणता आलं नाही.

जिभेच्या मागे काळं दिसत होतं. तिने दोन बोटं घातली. गरम थुंकी तळहातावर ओघळली, सैल झालेला एक दात बोटाला घासला. झुपका चिमटीत आला. ती ओढू लागली. केस येत गेले. अळवाचे हिरवे तुकडे चिकटलेले, लाळेने जड झालेले, वीतभर, हातभर, तिच्या मांडीवर वेटोळी पडू लागली. लुगडं ओलं झालं. ती श्वास रोखून ओढत होती आणि ओढता ओढता तिच्या ध्यानात आलं की केसांत गुंता कुठेच नाही. पोटातून आलेले केस गुंतलेले असायला हवे होते. हे तेल लावून, नीट विंचरून ठेवल्यासारखे होते.

तेवढ्यात आतून कुणीतरी ते मागे ओढले.

जोराने नाही. फणी अडकली की बाई जशी मान थोडी हलवून आपले केस हळूच सोडवून घेते, तेवढंच.

राधाबाईंनी डोळ्यांनीच खुणावलं, ओढ. त्यांची नखं सुगंधाच्या मनगटात रुतली. आतून पुन्हा एकदा तसाच हलका हिसका आला, आणि त्या हिसक्यात राग नव्हता, दुखणं होतं. सुगंधाने मूठ उघडली.

केस परत जाऊ लागले. मांडीवरून, पदरावरून, राधाबाईंच्या हनुवटीवरून, ओठांतून आत. नारळाच्या रसातल्या शिरवाळ्यांच्या शेवया ओढाव्यात तसा आवाज झाला. शेवटचं टोक गेल्यावर राधाबाईंचं तोंड आपसूक मिटलं. त्या धापा टाकत होत्या.

"कित्याक सोडलंस?"

"तिका दुखता," सुगंधा म्हणाली. असं म्हणायचं तिने ठरवलं नव्हतं.

राधाबाई उठल्या, लुगडं सुगंधाच्या अंगाला लागू नये म्हणून एका हाताने सावरून धरलं, आणि वळचणीबाहेर जाऊन नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "माका आता परत न्हावक होया. तू माका शिवलंस."

६

रहाट वाजू लागला. राधाबाई विहिरीवर उभ्या राहून अंगावर कळशी ओतत होत्या, भरत होत्या, पुन्हा ओतत होत्या. झापांच्या फटीतून सुगंधा बघत राहिली. उजवा हात तिने मातीने घासला, पावसात धरला, पुन्हा घासला. वास गेला नाही. मग रहाट थांबला आणि सासू ओल्यानेच आत गेली. स्वयंपाकघरात भांडी हलली.

माणसं खाडीवरून परत आली. घरासमोर थोडा वेळ बोलणं झालं, प्रसाद वाटला गेला, एकेकजण पांगला. शिवा रिकामा पाट ठेवून मागच्या दारात आला. त्याच्या हातात तिच्यासाठी पंचखाद्य होतं. या वेळी तो दारात थांबला नाही, अंगण ओलांडून पडवीपर्यंत आला. आपण आजच्या आज निघूया, मला तुमच्याबरोबर मुंबईला न्या, कुठेही ठेवा, असं तिने सांगितलं. काय झालं, असं त्याने विचारलं. ते तिला सांगता येईना, म्हणून तिने आपला हात त्याच्यापुढे धरला. त्याने तो हुंगला आणि त्याचा चेहरा बदलला. त्याला किळस आली नव्हती. तो वास त्याच्या ओळखीचा होता.

तेव्हाच स्वयंपाकघरातून हाक आली.

"ओ, आयकलात? पान वाढलंय."

"हां, येतंय," शिवा म्हणाला आणि वळला. दोन पावलं गेला आणि जागीच उभा राहिला. आई त्याला नावाने हाक मारायची, शिवा, जेवक ये रे, अशी. 'आयकलात' म्हणून नवऱ्याला हाक मारतात त्या बायका. त्याने मान फिरवून सुगंधाकडे पाहिलं. तिचं तोंड मिटलेलं होतं. तिने नाही म्हणून मान हलवली.

पुन्हा तीच हाक आली, थोडी लाडिक. झोपेतल्या माणसासारखा तो मागच्या दारातून आत शिरला.

सुगंधा उठली. घोंगडं तसंच टाकून ती अंगणात आली आणि विटाळाच्या पायांनी उंबरा ओलांडून त्याच्या मागे गेली. स्वयंपाकघराच्या दारात तिने त्याला गाठलं.

राधाबाई चुलीपुढे पाठमोऱ्या बसल्या होत्या. लुगडं अंगाला चिकटलेलं, पांढरा अंबाडा मानेवर तसाच, घट्ट. खांदे हलत नव्हते. त्यांच्या मांडीच्या बाजूने काहीतरी काळं, ओलं, जमिनीवर उतरून सारवणावर पसरलं होतं, आणि ते चुलीच्या उबेकडे सावकाश सरकत होतं. पुढे केळीची पानं मांडलेली होती. तीन.

सुगंधाने नवऱ्याचा हात धरला, त्याच उजव्या हाताने. त्याने तो सोडवून घेतला नाही. त्याने उलट तिलाच मागे ओढलं, आणि पाठ न फिरवता दोघं उंबऱ्याकडे सरकू लागली. त्या पाठमोऱ्या बाईने वळून पाहिलं नाही. ओठ हलले असतील तर ते दिसले नाहीत. आवाज मात्र आला, तरुण, समजुतीचा, आणि या वेळी तो शिवासाठी नव्हता.

"तू पण भितर ये गो. भायर बसा नको."

त्या संध्याकाळी दोघं भिजत कसालच्या वाटेला लागली आणि पुढे मुंबईला गेली. राधाबाई नंतर बरीच वर्षं जगल्या, नुसत्या पेजेवर, असं काशीबाईकडून कळायचं. त्या कुणाशी बोलत नसत, आणि ऋषिपंचमी त्यांनी पुन्हा धरली नाही. शिवाने त्या दिवसाबद्दल बायकोला कधी काही विचारलं नाही. तिनेही त्याला सांगितलं नाही, की ती हाक ऐकून, त्याने हात ओढला नसता तर, तिचं पाऊल आत पडलं असतं.